सुबरावांची पळती लय

"काहीच न्हाई ओ सर," सुबराव म्हणाले. "पोळपाटावर बोटं आपटल्यागत वाटतंय."

मी टेबलाखाली होतो. माझ्याबरोबर तिथे वायरींचा एक गुंता होता, आणि त्यातली कोणती वायर कुठून कुठे जाते हे त्या वायरींनाही सांगता आलं नसतं. मी एक काढली, दुसरीकडे खुपसली.

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"आता दिवा पण गेला."

मी खुपसलेली काढली आणि काढलेली खुपसली. दिवा परत आला. त्या दिवसातली ती पहिली ठोस प्रगती.

साल अठ्ठ्याण्णव. इचलकरंजीच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवत होतो आणि घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा शब्द मी वापरत असे. वृंदा, म्हणजे माझी बायको, तिला अडगळीची खोली म्हणे, आणि पाहुण्यांना वाट सांगताना तिचाच शब्द उपयोगी पडे. टेबलावर तीन जपानी यंत्रं मांडलेली होती. पहिला कीबोर्ड. दुसरा सिक्वेन्सर, म्हणजे तुम्ही काय वाजवलंत ते लक्षात ठेवणारा डबा. तिसरी आवाजाची पेटी, जिला एकही पट्टी नव्हती पण जिच्या पोटात सतारीपासून सनईपर्यंत सगळं भरलेलं होतं. कीबोर्डने ऐकायचं, सिक्वेन्सरने लक्षात ठेवायचं आणि पेटीने बोलायचं, अशी कामाची वाटणी होती. वाटणी चोख असली की काम कोणीच करत नाही, हा अनुभव मला कॉलेजात होताच.

ही यंत्रं गावातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची. कोणीतरी मस्कतहून येताना आणलेली, दहा वर्षं लग्नांत आणि गणपतीत वाजलेली, आणि नंतर मालकाच्या खताच्या गोदामात पडून राहिलेली. मुंबईत तोवर लोक कॉम्प्युटरवर संगीत करायला लागले होते. म्हणजे ही यंत्रं इतकी कालबाह्य झाली होती की ती मला परवडली. उघडली की युरियाचा वास यायचा. जपानातली वीज आपल्या विजेच्या निम्म्याहून कमी जोराची, म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर लावावा लागे आणि तो इतका तापे की वृंदाने एकदा त्यावर ओले मोजे वाळवले. सिक्वेन्सरच्या फ्लॉपीचा रबरी पट्टा वितळून काकवी झाला होता. तो खरवडून मी जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा बसवला. तो किंचित मोठा होता, पण फ्लॉपी फिरायची. लग्नाच्या वरातीत म्हातारे फिरतात तशी, पण फिरायची.

सुबराव होगाडे त्याच ऑर्केस्ट्राचे कीबोर्डवाले. राहायला आमच्याच गल्लीत. ऑर्केस्ट्रातले तबलजी त्यांना 'घड्याळ' म्हणायचे, कारण गायक घसरला, ढोलकी घसरली, स्टेज घसरलं तरी सुबराव जागचे हलत नसत. चार वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर ते एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कारकून झाले आणि वाजवणं घरच्या हार्मोनियमच्या पेटीवर आलं. त्यांना कॅसेटला संगीत द्यायचं होतं. कोल्हापूरचे एक कॅसेटवाले, इंगळेसाहेब, यांना त्यांनी घरी टेप करून दोनदा नमुना पाठवला होता. दोन्ही वेळा इंगळेसाहेबांनी तेच सांगितलं होतं.

"हात गोड हाय तुमचा. पण लय पळतीय."

दुसऱ्या टेपला त्यांनी अजून एक विचारलं होतं, "मागनं पाऊस पडतोय काय?" पाऊस नव्हता. आमच्या गल्लीत टेपरेकॉर्डर चालू केला की यंत्रमागांचाही आवाज भरला जायचा. म्हणून तर या यंत्रांची, म्हणजे मिडीची, कल्पना मला आवडली होती. हे यंत्र आवाज ऐकतच नाही. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद करतं. बाहेर हजार माग खडखडू देत, यंत्र ठार बहिरं. इचलकरंजीसाठीच कोणीतरी शोध लावला असावा असं मला वाटे.

आता इंगळेसाहेब रविवारी बहिणीकडे बारशाला येणार होते आणि उभ्या उभ्या आमच्याकडे डोकावणार होते. त्यांना गणपतीच्या गाण्यांची कॅसेट करायची होती, मशीनवर. ही शेवटची संधी. सुबरावांनी ते मला एकदाच सांगितलं होतं, चहाच्या कपात बघत.

"सर, एखाद्याला सूर कच्चा म्हणलं तर तो रियाज करतोय. लय पळती म्हणल्यावर काय करायचं? ती अशी आतनंच जाती बघा. रविवारी पण तेच म्हणले तर पेटी भाच्याला देऊन टाकतो. तो भजनाला नेतोय तर नेऊ दे."

"आणि तुम्ही?"

"मी सायझिंगला हायच की."

म्हणून मी टेबलाखाली होतो.

दोष सापडला तो माझ्या शिक्षणाला साजेसा होता. प्रत्येक यंत्राच्या पाठीला एक भोक बोलायचं असतं आणि एक ऐकायचं. मी बोलायच्या भोकातून वायर काढून बोलायच्या भोकात घातली होती. दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि ऐकायला कोणी नव्हतं. आमच्या प्राध्यापकांच्या सभा अशाच होत, पण तिथे निदान चहा मिळे. मी वायर फिरवली.

"आता दाबा."

सुबरावांनी सा दाबला. टेलिफोन वाजला.

"घ्या की फोन," सुबराव म्हणाले.

बाहेर वृंदाची पावलं वाजली. "हॅलो? हॅलो?" मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. सुबरावांनी परत सा दाबला. परत टेलिफोन वाजला. परत "हॅलो?"

आवाजाची पेटी टेलिफोनच्या घंटेवर लावलेली होती. ऑर्केस्ट्रात कुठल्याशा विनोदी नकलेला ती लागत असावी. सुबरावांनी रे दाबला, ग दाबला, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता टेलिफोनवर भूप वाजवून दाखवला. वृंदा दारात येऊन उभी राहिली.

"कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"जपानचा," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत टेलिफोनची सतार झाली आणि सतारीची बासरी. मी त्या दिवशी जेवताना बराच बोललो.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही पहिलं गाणं भरायला बसलो. सुबरावांची स्वतःची चाल, साधा केरवा. त्यांच्या कानाला हेडफोन, हेडफोनमध्ये यंत्राची टकटक. त्या टकटकीवर वाजवायचं, की यंत्र प्रत्येक सुराची जागा मात्रेच्या हिशेबाने लिहून ठेवतं. सुबराव डोळे मिटून वाजवत होते. ऐकायला तर गोड होतं. वाजवून झाल्यावर मी त्यावर यंत्रातला तबला चढवला आणि दोन्ही एकदम लावलं.

पहिली ओळ बरोबर. दुसऱ्या ओळीला बासरी तबल्याच्या जरा पुढे. तिसऱ्या ओळीत ती घाईची वाटायला लागली, आणि अंतऱ्यापर्यंत दोघांची परत कधी भेट होईल असं वाटेना.

सुबरावांनी हेडफोन काढला.

"बघा," ते हळू म्हणाले. "पळतीय."

"यंत्र खराब आहे," मी म्हणालो.

"यंत्राला काय पडलंय?"

"गोदामात होतं ना. दमट हवा. घड्याळ मंद झालं असेल त्याचं."

सुबराव दोष स्वतःत शोधत होते आणि मी यंत्रात, प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे. आम्ही परत भरलं. परत पळालं. तिसऱ्यांदा भरताना त्यांनी मुद्दाम रेटून हळू वाजवलं, तर चाल पाय ओढत चालली आणि शेवटी पळालीच.

तेव्हा मला ते बटण आठवलं. सिक्वेन्सरला एक सोय असते: इकडेतिकडे पडलेला प्रत्येक सूर ते जवळच्या मात्रेवर नेऊन बसवतं. मी सुबरावांना समजावून सांगितलं. इंगळेसाहेबांना कळणारही नाही म्हणालो.

"दाबू?"

ते पडद्याकडे वाकले. मी दाबलं.

सूर इतके आधी पडले होते की जवळची मात्रा दरवेळी आधीचीच निघाली. यंत्राने सगळे सूर अतिशय शिस्तीत चुकीच्या जागी नेऊन बसवले. ऐकताना असं वाटलं, की कवायतीत सगळ्या रांगा सरळ आहेत, फक्त तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत.

"राहू दे सर," सुबराव म्हणाले. "आणि जमलं असतं तरी मग इंगळेसाहेब मशीनलाच बोलावतील की. माझं काय काम?"

शुक्रवारी कॉलेजातून आल्या आल्या मी सिक्वेन्सर उघडला. स्पिरिट आणि कापूस घेऊन आतला प्रत्येक सांधा पुसला. एक नट उरला, पण तो कुठला हे बघण्याची ती वेळ नव्हती. संध्याकाळी सुबराव आले, बसले, वाजवलं. मी तबला चढवला.

पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. अंतरा बरोबर. शेवटच्या समेवर बासरी आणि तबला एकत्र उतरले. मी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे बघितले: सगळे सूर जागच्या जागी.

"गंज," मी म्हणालो. "सांध्यांवर गंज चढतो. मग विजेला वाट काढायला वेळ लागतो. थोडक्यात सांगायचं तर—"

पण मी थोडक्यात सांगितलं नाही. वृंदाने शिरा केला. सुबरावांनी दोनदा मागून घेतला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "म्हंजे यंत्रच होतं म्हणा की." त्यांचा आवाज बऱ्याच वर्षांनी धुतल्यासारखा वाटला.

आणि शनिवारी परत पळाली.

तीच चाल, तोच माणूस, तेच पुसलेलं यंत्र. मी स्पिरिटची बाटली घेऊन उठलो, तर सुबरावांनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी कीबोर्डवर कापड घातलं. त्याची टोकं चारी बाजूंनी नीट ओढली.

"इंगळेसाहेबांस्नी मी सांगतो," ते म्हणाले. "उगाच वाकडी वाट करून यायला नको."

वृंदा दारात उभी होती. हातात पळी होती, कारण मागच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच.

"मी काही बोलू का?" ती म्हणाली.

"आत्ता नको," मी म्हणालो.

"बोला की वहिनी."

"तुम्ही चौगुल्यांच्या मागाबरोबर वाजवताय, भावजी."

"कुठल्या मागाबरोबर?" मी विचारलं.

"कुठला माग?" सुबरावांनीही विचारलं.

ती आमच्याकडे बघत राहिली. ती देवरुखची. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी तिला अजून माग ऐकू येत. आम्हाला, म्हणजे गल्लीत जन्मलेल्यांना, टेपवर सोडले तर येत नसत. चोवीस तास जे वाजतं ते कान कशाला ऐकतील? चौगुले आण्णांची माग-शेड आमच्या मागच्या भिंतीला आणि पलीकडे सुबरावांच्या भिंतीला लागून होती, पहिला माग तर आमच्या भिंतीपासून हातभर. मला शपथेवर विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की आमची गल्ली शांत आहे.

"तुम्ही दोघं मला विचारताय, कुठला माग?" वृंदा म्हणाली आणि तिने पळीने दाराच्या चौकटीवर ठोकायला सुरुवात केली. ठक. ठक. ठक. ठक. "हा. ऐका."

आम्ही ऐकलं. आधी फक्त पळी ऐकू आली. मग पळीच्या मागे काहीतरी. मग तिने पळी थांबवली तरी ते चालूच राहिलं. खिडकीचे गज त्यावर बारीक थरथरत होते. टेबलावरचा कप त्यावर बशीत किणकिणत होता. सुबराव उठले आणि त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"आयला," ते म्हणाले. "हे कधीपासनं?"

"तुमच्या आजोबांपासून असेल," वृंदा म्हणाली. "भावजी, तुम्ही सुरू करता यंत्राच्या टकटकीवर. मग हळूहळू तुमचा पाय याच्यावर पडायला लागतो. मी आत कणीक मळत असते, मला कळतं. काल कसं बरोबर आलं? काल शुक्रवार होता. मागांना सुट्टी होती."

मी स्पिरिटची बाटली कपाटात ठेवली.

"मी नवी आले तेव्हा भांडी याच ठेक्यावर घासायचे," ती म्हणाली. "महिनाभराने लक्षात आलं. तेव्हापासून मुद्दाम त्याच्याकडे कान देते आणि आपलं आपलं घासते. ऐकलं नाही की ते आपल्याला धरून नेतं."

मी तसाच चौगुले आण्णांकडे गेलो. ते शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, उद्या रविवारी तासभर, निदान तो पहिला माग तरी बंद ठेवाल का, कोल्हापूरहून संगीतवाले येणार आहेत.

"काय?" आण्णा म्हणाले.

मी मोठ्याने सांगितलं.

"सर, शुक्रवारी बंद असतोय की. शुक्रवारी बोलवा."

"त्यांच्या बहिणीकडचं बारसं रविवारी आहे."

"मग बारसं पुढं ढकला," आण्णा म्हणाले. ते विनोद करत नव्हते. त्यांच्या लेखी माग आणि बारसं यात पुढे ढकलण्याजोगी गोष्ट एकच होती.

परत आलो तर सुबराव सिक्वेन्सरसमोर बसले होते. कापड काढलेलं होतं.

"सर, ह्याची टकटक हळू-जलद करायला येती न्हवं?"

"येते."

"मग वाढवा. हळूहळू."

मी चाक फिरवायला लागलो. हेडफोन बाजूला ठेवून टकटक मोठ्या स्पीकरवर घेतली. आधी यंत्र एक बोलत होतं आणि माग दुसरं, दोन शेजारणी एकदम बोलाव्यात तशा. मी अजून वाढवलं. टकटक मागाच्या जवळ आली, ओलांडून गेली, परत मागे आली. मग मी चाक एक दात मागे घेतलं आणि टकटक नाहीशी झाली. स्पीकर चालू होता, पण टकटक मागात विरघळून गेली होती. आम्ही तिघंही स्पीकरकडे बघत राहिलो.

सुबराव वाजवायला बसले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. गाणं जरा घाईचं झालं, पण मी पडद्यावरचे आकडे बघितले आणि माझा विश्वास बसेना. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळं जागेवर. शुक्रवारीही इतकं नव्हतं.

"आता बघा," मी म्हणालो आणि चाक मागे फिरवलं. हे टेपला कधी जमलं नसतं. टेप हळू केली की गाणाऱ्याचा रेडा होतो. पण इथे यंत्राकडे आवाज नव्हताच, नुसत्या नोंदी होत्या. तेच गाणं, त्याच सुरात, संथ होऊन बाहेर आलं. तबला आणि बासरी हातात हात घालून चालत होती.

सुबराव ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हंजे माझी लय पळत न्हवती."

"नाही," मी म्हणालो. "ती चौगुल्यांकडे कामाला होती."

"मला चार वर्षं बिनपगारी वापरलं की ओ आण्णांनी," सुबराव म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसला.

रविवारी इंगळेसाहेब आले. बारशाचा पेढा हातात, सफारी, आणि चेहरा असा की पेढाही ते तपासूनच खात असावेत. खोलीभर नजर फिरवली. ट्रान्सफॉर्मरवर वाळत घातलेला रुमाल बघितला. मी त्यांना कालचं भरलेलं ऐकवलं. त्यांनी मान डोलावली नाही, पण मधे बोललेही नाहीत.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण मशीनमध्ये सरळ करायचं बटण असतंय. मला ठाऊक हाय ते. आमच्याकडं येतात की पोरं. मशीनवर वाघ, आणि समोर बसवलं की शेळी."

"आम्ही ते दाबलेलं नाही," मी म्हणालो.

"कोणच दाबत न्हाई सर. दाबलं म्हणून सांगणारा मला अजून भेटायचाय." ते सुबरावांकडे वळले. "माझा गायक संथ गातोय. ह्या लयीत पायजे." त्यांनी गुडघ्यावर थाप दिली. थाप मागापेक्षा चांगलीच सावकाश होती. "माझ्यासमोर वाजवा. आणि ते कानातलं काढा. टकटकीवर कोणबी वाजवंल. मशीन गप्प राहून नोंद घेईल न्हवं?"

"घेईल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

भिंतीपलीकडे माग चालू होता. आता मला तो ऐकू येत होता, आणि काल संध्याकाळपासून दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी साहेबांच्या थापेवर यंत्र लावलं, टकटक एकदा ऐकवली आणि बंद केली. यंत्र आतल्या आत मोजायला लागलं. वृंदा दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पोह्यांची बशी होती आणि ती कोणाला द्यायची हे ती विसरली होती.

सुबराव लगेच वाजवायला लागले नाहीत. खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवली. थोडा वेळ नुसते ऐकत बसले, समोरचा तबलजी आपला ठेका लावतो तेव्हा ऐकतात तसे. मग चप्पल काढली, दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीवर मांडी घातली. इंगळेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी यंत्राकडे बघितलं. मला कळलं होतं: जमिनीतून येणारी थरथर त्यांनी पायापासून तोडली होती. कानांचं आता ते स्वतः बघणार होते.

त्यांनी सुरुवात केली.

पहिली ओळ गेली. माग त्यांच्याहून वेगात होता, आणि दोन्ही एकत्र ऐकताना माझीच मात्रा चुकायला लागली. दुसऱ्या ओळीत सुबरावांचा खांदा किंचित पुढे गेला. कालपर्यंत पळण्याआधी तो असाच पुढे जायचा. वृंदाने बशी घट्ट धरली. सुबरावांनी भिंतीकडे बघितलं, एक सूर लांबवला, अगदी निवांत लांबवला, आणि खांदा परत मागे घेतला. तिथून पुढे मला भीती वाटली नाही. माग पुढे धावायचा, सुबराव त्याला जाऊ द्यायचे. तो कधी त्यांच्या मात्रेवर येऊन पडायचा तर ते जरा मान हलवायचे, ओळखीचा माणूस रस्त्यात भेटल्यासारखी, आणि आपल्या वाटेने चालू लागायचे. अंतऱ्यात त्यांनी एक तान घेतली, जी आम्ही ठरवलेलीच नव्हती. शेवटी ते समेवर आले, हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"दाखवा," इंगळेसाहेब मला म्हणाले.

मी पडद्यावरची नोंद सुरू केली आणि हजेरी घ्यावी तसा एकेक आकडा वाचायला लागलो. पहिली मात्रा, जागेवर. दुसरी, जागेवर. मधे दुसऱ्या ओळीत एक सूर केसभर पुढे, पुढचा लगेच जागेवर. इंगळेसाहेबांनी चष्मा लावला, मला बाजूला सारलं आणि स्वतःच बघायला लागले. तानेपाशी थांबले. परत मागे गेले. परत पुढे आले. शेवटची सम त्यांनी बोट ठेवून बघितली.

"एक केस," ते म्हणाले. "सगळ्या गाण्यात एक केस."

"तो यंत्राचा असेल," मी म्हणालो.

"माझाच हाय तो," सुबराव म्हणाले.

वृंदाने बशी इंगळेसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या एक घास खाल्ला, मग खुर्ची ओढून बसले आणि नीट खायला लागले.

"धा गाणी हायत," ते खाता खाता म्हणाले. "गणपतीच्या आधी बाजारात पायजेत. तुम्ही हिथंच भरा, मी गायक पाठवतो. तुमची लय पळती असं कोण म्हणलं हुतं?"

"तुम्हीच की साहेब," सुबराव म्हणाले. "दोनदा."

"टेप ऐकून म्हणलो असंन. माणूस कुठं बघितला हुता?"

सुबरावांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले आणि चप्पल घातली. इंगळेसाहेब पोहे संपवत होते. एका हातात बशी, दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर मघाचीच संथ लय धरून होती. अचानक ती बोटं थांबली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली आणि भिंतीकडे बघत राहिले.

"तो पलीकडचा कोण हाय?" ते म्हणाले. "त्याची लय पळतीय."

"हां," सुबराव म्हणाले. "त्याला जरा सांभाळून घ्यावं लागतंय साहेब."